माझा अनुभव: 'एन.सी.' लिहा आणि पुढे व्हा

एमडी मेडिसिन करताना केस घ्यायला शिकवतात तेव्हा झोप, भूक, शौच, तंबाखू सगळं खोदून विचारायला लावतात. लैंगिक इतिहासाचाही रकाना असतो. पण पेशंट साठीच्या पुढचा असला की तिथे 'एन.सी.', म्हणजे नॉन-कॉन्ट्रिब्युटरी (नोंदवण्यासारखं काही नाही), लिहून मोकळं व्हायचं. न विचारताच! त्या दोन अक्षरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

थिअरीत काही अडलं नाही. पेशंटशी लैंगिक प्रश्नांवर कसं बोलायचं याची प्लिसिट ही चौकट १९७६ची: आधी बोलायला मोकळीक द्या, मग थोडी माहिती, मग नेमका सल्ला, गरज पडली तर तज्ज्ञ. रोल-प्लेही हसतखिदळत पार पडला.

गाडी अडली वॉर्डात. एसटीतून निवृत्त झालेले एक काका, शुगर आणि बीपी दोन्ही. बीपी काही केल्या खाली येईना. "गोळ्या घेता ना?" "घेतो की." शेजारी सून डबा घेऊन उभी, पलीकडच्या कॉटवरचा कान टवकारून. पडद्याचा रॉड होता, पडदा धुवायला गेलेला. सिस्टर म्हणाल्या, इंडेंट (मागणीचा कागद) टाकलंय. साइडरूममध्ये सलाइनचे खोके. शेवटी टेक्निशियन चहाला गेल्यावर काकांना ईसीजीच्या खोलीत नेलं. सुनेला "ईसीजी काढायचाय" सांगून बाहेर बसवलं (काढलाही, खोटं कशाला!).

"काका, बीपीच्या काही गोळ्यांनी पुरुषांना संबंधात अडचण येते. तुम्हाला तसं काही जाणवलं का?" ते हातातल्या क्लिपा उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "म्हणूनच बंद केली ना ती. घरी नका बोलू, मॅडम."

गोळी क्लोरथॅलिडोन होती. मी रकाना नीट भरला. राउंडला सर म्हणाले, "अगं, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला हे काय विचारत बसलीस? खोड ते, एन.सी. लिही." मी न्यू इंग्लंड जर्नल या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातला २००७चा अभ्यास काढून दाखवला. ५७ ते ८५ वयाचे लोक, पन्नाशीनंतर याविषयी डॉक्टरशी बोललेले पुरुष ३८ टक्के, बायका २२ टक्के. "ती अमेरिका," सर म्हणाले. काकांना टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी मात्र मुकाट लिहून दिली. बीपी उतरलं. रकाना मी खोडला नाही, आणि लॉगबुकावरची सही लोंबकळत राहिली ती परीक्षेच्या तोंडावर, गठ्ठ्यात, न बघता मिळाली.

ज्युनिअर्सना सांगते: प्रश्न औषधाच्या किंवा आजाराच्या आडून विचारा, "बऱ्याच जणांना होतं" असं म्हणून. काकूंच्या बाबतीत लघवीच्या जळजळीपासून सुरुवात करा. अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेतलेल्या कितीतरी जणींना पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा असतो, आणि तिथे लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचं नावही कुणी काढलेलं नसतं. मधुमेही पुरुषाने लिंगाला ताठरता येत नसल्याची तक्रार केली तर हृदयही तपासा. एकटी राहणारी, विधुर, विधवा यांनाही वगळू नका.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी यायला हवं होतं: छातीत दुखतंय म्हणून आलेल्याच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट (छातीतल्या दुखण्यावरची नायट्रेट गोळी) ठेवण्याआधी ताठरतेसाठीची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत, घेतलीय का, ते विचारा. दोन्ही एकत्र आलं की बीपी धाडकन कोसळतं. वय ऐंशी असलं तरी विचारा, आणि मुलाला-सुनेला बाहेर पाठवून विचारा, नाहीतर उत्तर 'नाही' असंच येणार.