चौदाव्या पिढीत 0.34 कीड

दिवाळीत गावी गेलो तेव्हा दादाच्या आडसाली उसात कांडी किडीसाठी ट्रायकोकार्डं लावायची होती. कार्डावर धान्यातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा वाढत असतो, म्हणजे किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती मारणारी, गांधीलमाशीच्या कुळातली बारीक माशी. पट्ट्या कापायच्या, पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या. पानांनी माझे हात कापून निघाले, दादाला काहीच होत नव्हतं.

“हे पट्टीजवळच फिरतंय बघ,” दादा म्हणाला. “मधल्या सरीत कुठलं जातंय?”

त्या रात्री लॅपटॉपवर निकल्सन-बेली मांडलं, म्हणजे कीड आणि तिच्यावर जगणारी माशी पिढ्यान्‌पिढ्या किती होतात ते सांगणारं गणित. 1935 सालचं हे समीकरण, दोघंही ऑस्ट्रेलियात काम करणारे. निकल्सन कीटकशास्त्रज्ञ, बेली भौतिकशास्त्रज्ञ. म्हणूनच असेल, त्यांच्या माशा वायूच्या रेणूंसारख्या कुठंही, कशाही फिरतात. एक कीड वाचण्याची शक्यता e चा −aP घात. P म्हणजे माशांची संख्या, a म्हणजे एका माशीची कीड शोधायची ताकद. वाचलेल्या किडीची पुढच्या पिढीत R पट, सापडलेल्या प्रत्येकीतून एक नवी माशी. बस्स, एवढंच.

R = 2, a = 0.05 घेतलं. 28 किडी आणि 14 माशांच्या आसपास तोल आहे, पण तो टिकत नाही. मी 30 आणि 10 पासून सुरुवात केली. अकराव्या पिढीत कीड 103, तेराव्यात 3 पेक्षा कमी, चौदाव्यात 0.34. म्हणजे कीड संपली, आणि तिच्यावर जगणारी माशीही.

मग दादाची तक्रार समीकरणात घातली. परिसंस्थांचं गणित मांडणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी 1978 मध्ये हेच केलं होतं: हल्ला सगळीकडे सारखा नाही, काही किडींवर माशा तुटून पडतात, काहींना कुणी विचारत नाही. हा विषमपणा k ने मोजतात, k जितका लहान तितका विषमपणा जास्त, आणि k एकापेक्षा कमी असेल तर तोल टिकतो. मी 0.5 घेतला. आकडे दोन-चार हेलकावे खाऊन 60 आणि 30 कडे जाऊ लागले. मधल्या सरीत लपलेली कीडच दोघांना जगवत होती!

(कार्डांना हे थेट लागू नाही, ती आपण पुन्हा पुन्हा लावतो. स्वतःहून शेतात टिकणाऱ्या माशीचं हे गणित.)

सकाळी चहा घेताना दादाला आलेख दाखवला. त्यानं चष्मा लावून दोन्ही आकडे नीट वाचले.

“आधी अठ्ठावीस होती, आता साठ? म्हणजे कीड दुपटीनं वाढवलीस की रं.”