उतारा बघितला, भिंत कोण बघणार?

तर झालं असं की गावाकडं जुनं घर घ्यायचं ठरल्यावर आम्ही कागदं मात्र अगदी डोळ्यात तेल घालून बघितली. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन आलेलं प्रॉपर्टी कार्ड, वकिलाकडनं 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, मालकाच्या दोन बहिणींची संमती आहे का नाही तेपण. फाईल एवढी जाड झाली. आणि ज्या घरासाठी हे सगळं चाललेलं त्याच्या भिंतीला आमच्यातल्या कुणी साधी टिचकीसुद्धा मारून बघितली नव्हती.

घर अक्कलकोट रोडनं आत वळलं की एक गाव लागतं तिथलं. नाव लिहीत नाही, आता रोज तोंड बघायचंय सगळ्यांचं. दगडी घर, माळवदाचं, वर मातीचा धाबा. समोर ढेळज म्हणजे दारातली पडवी, आत माजघर, स्वयंपाकघर, दोन खोल्या, मागं नंतर कधीतरी बांधलेली एक स्लॅबची खोली. वय 80 च्या पुढं असेल. मालक पुण्याला, भाव 14 लाख. आम्ही गेलो तेव्हा मे महिना, बाहेर 43 डिग्री आणि माजघरात पाऊल टाकलं तर फ्रीज उघडल्यासारखं गार. आप्पा म्हणजे माझे वडील, ते तिथंच जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, हेच. जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावर कूलरसमोर बसून दिवस काढणाऱ्या माणसाला अजून काय पाहिजे. भिंतींना आतनं बाहेरनं नवीन प्लास्टर, वर निळा डिस्टेंपर, मला तर वाटलं मालकानं किती नीट ठेवलंय बघा घर. 51 हजार इसार द्यायचं तोंडी ठरून पण गेलं.

मधेच आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट आलं. बिल्डिंग 15 वर्षांची झाली की दर 5 वर्षांनी आणि 30 च्या पुढं गेली की दर 3 वर्षांनी करावं लागतं म्हणे, त्यासाठी एक रिटायर्ड इंजिनियर आले होते. त्यांना चहा देताना मी सहज बोलले की सर आम्ही गावाकडं जुनं घर घेतोय. त्यांनी विचारलं, दाखवलं कुणाला? मी म्हणलं, वकिलाला दाखवलं की. ते हसले नाहीत. म्हणाले, इसार दिला नसेल तर आधी मला नेऊन आणा, दिला असेल तर मग राहू द्या.

फी 12 हजार. घरात यावरनं जे रामायण झालं ते सांगत नाही, आप्पांचं एवढंच सांगते, "बारा हजारात माणूस येऊन भिंत हाय म्हणून सांगणार, ते मी फुकट सांगतो." मालकाला फोन केला, तर तो म्हणे "ओ मॅडम, माझ्या आज्यापासनं उभंय घर, कशाला एवढं उकरालाव?" पण प्लास्टर थोडं फोडायची परवानगी दिली त्यानं, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. परवानगी आधीच मागून ठेवा, नाहीतर सर्व्हे करणारा बिचारा नुसता टॉर्च फिरवून परत येतो.

सर आले, खांद्याला जुनी शबनम, त्यात ओळंबा, टेप, छोटा हातोडा, टॉर्च, चांभाराच्या आरीसारखा एक टोच्या आणि ओल मोजायचं मशीन. मला वाटलं आत येतील. अर्धा तास आतच आले नाहीत. घराला बाहेरनं दोन चकरा मारल्या, मग शेजारच्यांच्या माडीवरनं आमचं माळवद बघितलं, मग पूर्वेच्या भिंतीपाशी येऊन उभे राहिले आणि पायानं जमीन दाबून बघालेत. तिथं संडास बांधलेला आणि त्याचा शोषखड्डा भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर. आपल्याकडं खाली काळी माती, पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, शेत असणाऱ्याला हे सांगायला नको. पण घराच्या एका कोपऱ्याखाली बारा महिने ओल आणि दुसरा कोपरा कोरडा ठणठणीत असं झालं की पाया एका बाजूनं हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी वर गेलेली चीर मी आधीही बघितली होती, प्लास्टरची असेल म्हणून सोडून दिली होती. सरांनी त्यात पाच रुपयाचं नाणं उभं धरलं आणि ते आत जाऊन अडकलं.

मग ओळंबा सोडला. आठ फूट उंचीच्या भिंतीला मध्यात अडीच इंच पोट. निळ्या डिस्टेंपरमुळं डोळ्याला काहीच कळत नव्हतं, दोरी सोडल्यावर मात्र मलापण दिसलं. हातोड्यानं ठोकलं तर बदबद आवाज. सर म्हणाले, ही दोन फुटाची भिंत दिसते ती एक भिंत नाहीच, दोन आहेत. बाहेरचा दगडाचा थर वेगळा, आतला वेगळा, आणि मधे माती नि दगडाच्या कपच्यांचा भराव. दोन्ही थरांना शिवणारा आरपार लांब दगड ठराविक अंतरावर घालायचा असतो, दर दोन फूट उंचीला, आडवं चार चार फुटावर. तो घातला नाही आणि वरनं पाणी शिरत राहिलं की मधली माती खाली बसते आणि बाहेरचा थर हळूहळू घर सोडून निघतो. एका ठिकाणी प्लास्टर फोडून दोन दगड काढून बघितलं, आरपार दगड नाही. दुसरीकडं बघितलं, नाही. आणि नवीन सिमेंट प्लास्टरनं आणखी वाट लावलेली, भिंतीतली ओल बाहेर पडायला जागाच नाही, खालच्या दोन फुटात सगळा लोणा म्हणजे भिंतीतनं फुटलेला खार, मशीन लावलं की काटा टोकाला.

हे ऐकताना आप्पा एकदम गप्प झाले. आणि का झाले ते मला माहिती होतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाची मिरवणूक बघून आम्ही पोरं दमून झोपलेलो. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मांडणीवरची भांडी खाली आली, आईनं मला उचलून चाळीच्या बाहेर पळवलं, सगळं सोलापूर रस्त्यावर. किल्लारीच्या भूकंपाचं आम्हाला सकाळी रेडिओवर कळलं. आप्पा चार दिवसांनी गिरणीतल्या दोघांबरोबर भाकरी आणि चादरी घेऊन तिकडं गेले होते, आल्यावर काही बोलले नाहीत, आजपर्यंत फार बोललेले नाहीत. दहा हजाराच्या आसपास माणसं गेली त्या एका पहाटेत आणि त्यातली बहुतेक अशाच घरांखाली, जाड दगड, मातीचा गारा, आरपार दगड नाही, आणि डोक्यावर मातीचं माळवद. म्हणजे आम्हाला ज्या गारव्याची भुरळ पडली होती तेच ओझं.

ओझं किती ते सरांनी तिथंच काढून दाखवलं. शिडी लावून वर गेले, सानं म्हणजे उजेडाचं भोक असतं ना माळवदाला, त्याच्या कडेनं टेप घातली, दोन फूट माती. इतकी सुरुवातीला कुणी घालत नाही. दर वर्षी पावसाआधी गळतीवर उपाय म्हणून पांढऱ्या मातीचा एक थर टाकायचा, पुढच्या वर्षी आणखी एक, जुनी माती कुणी काढत नाही, अशी साठ सत्तर वर्षं पाटीपाटीनं चढलेली. हिशोब बघा, एका चौरस मीटरवर जवळपास एक टन. दहा बाय बाराचं माजघर म्हणजे 11 टन. उसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली डोक्यावर उभी केल्यासारखं. पाच इंची आरसीसी स्लॅब असता तर याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन. ज्या माजघरात आप्पा मांडी घालून बसले होते तिथलंच हे गणित.

आणि ती ट्रॉली कशावर उभी तर बाभळीच्या तुळयांवर. मधोमध तुळई टणक होती, टोच्या लागेना. मी म्हणलं चला हे तरी चांगलं निघालं. सर म्हणाले थांबा, तुळई मधे कुजत नाही, जिथं भिंतीत शिरते तिथं कुजते, पन्हाळ तुंबली की पाणी तिथनंच मुरतं. स्टूल सरकवून भिंतीच्या कडेला टोच्या लावला आणि नुसत्या हाताच्या जोरानं तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला भुसा आणि दोन पांढऱ्या वाळव्या. पाचातल्या दोन तुळया अशा. बाहेरनं त्यांना ऑईलपेंट मारलेला, मस्त चॉकलेटी.

पेवाचं, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्याचं, तर आमच्या स्वप्नातपण नव्हतं. सरांनी ढेळजेत आल्या आल्या विचारलं, पेव कुठंय? मालकाचा भाऊ म्हणे आमच्यात नव्हतंच. शेजारची एक म्हातारी उंबऱ्यावर बसून मगापासून सगळं बघत होती, ती तिथनंच ओरडली, "नव्हतं कसं, तुझ्या आज्जीनं वीस पोती शाळू काढलेला मी बघितलाय त्यातनं!" मग तिनंच काठी टेकत येऊन जागा दाखवली, दारापासनं चार पावलं. सरांनी फरशीवर हातोडा मारला, आवाज वेगळा. फरशी उचलली तर पेव बुजवलेलं, पण केरकचरा, राख आणि तुटलेल्या विटा टाकून, आणि सगळं बसून खाली हातभर पोकळी. ढेळजेचा मधला खांब तिथनं दीड फुटावर. म्हातारीला आम्ही नंतर साडी नेली, तिनं घेतली आणि म्हणाली रंग बरा हाय.

मागच्या स्लॅबच्या खोलीचं पटकन सांगते. काँक्रीटचा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारलं, शाळेत लॅबमध्ये असायचं तेच, चांगलं काँक्रीट असेल तर गुलाबी होतं. सळईपर्यंत झालंच नाही. सळया गंजून फुगलेल्या. ही खोली पाडा, असा एका ओळीत निकाल.

रिपोर्ट आठवड्यानं आला, 14 पानं, फोटोंवर बाण काढून. मला वाटलेलं खाली लिहिलं असेल घ्या किंवा घेऊ नका. तसं काही नव्हतं. काय लगेच करायचं, काय पावसाआधी, काय दोन वर्षांत, आणि प्रत्येकाचा अंदाजे खर्च. एकूण 5 लाख 40 हजार, त्यात मागची खोली परत बांधायचं धरलेलं नाही. मी फोन करून विचारलं, सर तुम्ही असता तर? म्हणाले, मी माझं मत दिलं तर तुम्ही माझ्या मतानं राहणार, आकडे दिलेत, आकड्यांनी राहा. तेव्हा रागच आला होता.

मालकाला रिपोर्टची झेरॉक्स पाठवली. दोन दिवस फोन उचलला नाही. मग भावाचा फोन, आमच्या घराची बदनामी कराल म्हणून. मग परत मालकाचा, 12 घ्या. आम्ही 9 वर अडून बसलो, आणि खरं सांगायचं तर 14 लाखाचं घर 9 ला मागायला मला लाजच वाटली असती पण त्या चौदा पानांमुळं वाटली नाही, फोटोतला टोच्या बोलत होता. साडेनऊला भाव ठरला. शेवटी घ्यायचं का नाही हे आम्ही आप्पांवर सोडलं होतं, मला वाटलं किल्लारीनंतर नाहीच म्हणतील. ते म्हणाले माती उतरवत असशील तर घे.

मग उतरवली. माळवदावर आठ इंच ठेवली, खाली जाड प्लास्टिक अंथरून, बाकी सगळी काढली, नऊ ट्रॉल्या निघाली, आणि गंमत म्हणजे जुनी पांढरी माती रानाला चांगली म्हणून गावातली माणसं स्वतःच्या ट्रॅक्टरनं घेऊन गेली, आमची उचलायची मजुरी वाचली. दोन तुळया बदलल्या, जुन्या वाड्याच्या लाकडाच्या वखारीतनं सागवानी आणल्या. पोट आलेली भिंत दहा फूट लांबीत उतरवून परत चढवली, आरपार दगड घालून. बाकीच्या भिंतीत भोकं पाडून आकडा केलेली सळई घालून काँक्रीट भरलं, आरपार दगडाच्या जागी. किल्लारीनंतर तिकडच्या उभ्या राहिलेल्या घरांना असंच केलेलं म्हणे. गावातला गवंडी पहिल्यांदा हसला, भिंतीला इंजेक्शन देताय का म्हणाला. शोषखड्डा वीस फूट लांब नेला, सिमेंट प्लास्टर खरवडून चुन्याचं केलं. खर्च 5 लाख 40 चा 6 लाख 85 हजार झाला, तेवढं धरूनच चाला. गारवा थोडा कमी झालाय, नाही असं नाही, पण पंख्यावर भागतं.

पूर्वेच्या चिरेवर सरांनी तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्यात, शेजारी पेन्सिलनं तारीख. भिंत हलायची थांबली असेल तर काच तशीच राहते, हलत असेल तर तडकते, एवढं साधं. आप्पा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या बघून येतात. सगळा पावसाळा तिन्ही धड होत्या. गेल्या मंगळवारी खालची तडकली, केसाएवढी. सरांना फोटो पाठवलाय, शोषखड्ड्याची जुनी ओल आटतेय म्हणून असेल म्हणाले, पण बघितल्याशिवाय सांगणार नाही. रविवारी येतायत.