कॅम्पर व्हॅनची घडीची शिडी आणि कुपवाडचा सल्ला

सांगलीत घरासाठी शिडी हवी असेल, तर कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये माप सांगून यायचे, एवढेच काम असते. जर्मनीत मात्र कारागिराच्या मजुरीचा आकडा ऐकला की माणूस स्वतःच करवत हातात घेतो. त्यामुळे आमच्या कॅम्पर व्हॅनमधल्या वरच्या बिछान्यासाठी घडीची शिडी मी घरीच केली.

बिछाना व्हॅनच्या तळापासून 140 सेंटीमीटर उंच आहे. टेकवून ठेवायच्या शिडीची उंची चार भाग असेल, तर तिचे पाय एक भाग पुढे असावेत, असा सर्वमान्य नियम आहे. त्या हिशेबाने पाय 35 सेंटीमीटर पुढे येतात आणि कोन सुमारे 76 अंशांचा होतो. पायऱ्या समतल राहाव्यात म्हणून दांड्यांमधल्या खाचा काटकोनात न घेता 14 अंश तिरक्या घेतल्या. पायऱ्यांमधले अंतर 28 सेंटीमीटर ठेवल्यामुळे चार पायऱ्या पुरल्या आणि घडीचा सांधा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मधोमध आला. लाकूड ॲश या झाडाचे घेतले. आपल्याकडे अवजारांच्या दांड्यांना बाभूळ वापरतात, तशी युरोपात पूर्वापार ॲश वापरतात.

खरा प्रश्न बिजागरीचा होता. कुपवाडला शेड असलेल्या मामांना व्हिडिओ कॉलवर रेखाचित्र दाखवले, तेव्हा त्यांनी लाकडाकडे, मापांकडे पाहिलेसुद्धा नाही. "बिजागरी कुठल्या अंगाला लावतोयस ते सांग आधी. वजन पडलं की सांधा आवळला पाहिजे, उघडला नाही पाहिजे. आणि नुसत्या स्क्रूवर भरवसा ठेवू नकोस, आरपार बोल्ट घाल."

चढणाऱ्याच्या वजनाने तिरकी शिडी मध्यावर मागे, म्हणजे बिछान्याखालच्या पोकळीकडे, वाकू पाहते. बिजागरी चढणाऱ्याच्या बाजूला असली, तर सांधा मागून उघडतो आणि शिडी माणसासकट मिटते. तीच मागच्या बाजूला असली, तर दांड्यांची टोके पुढून एकमेकांवर दाबली जातात आणि वजनाबरोबर सांधा घट्ट होत जातो. अर्थात तेव्हा बिजागरीवर सगळा ताण येतो, म्हणून मामांचे बोल्ट, त्यांना रुंद वायसर आणि टोकांचे काप अगदी सपाट, ही तिन्ही पथ्ये पाळावी लागतात. उचलताना शिडी मिटू नये यासाठी प्रत्येक दांड्याला एक साधी कडीही लावली. भोके मात्र शनिवारीच पाडून घेतली, कारण इथे रविवारच्या शांततेला कायद्याचे संरक्षण आहे आणि ड्रिलचा आवाज ऐकून शेजारी दार वाजवतात.

वरच्या टोकाला बिछान्याच्या कडेत अडकणारे आकडे आणि पायांना रबर लावले. मिटल्यावर शिडी जेमतेम 73 सेंटीमीटरची होते आणि सीटमागे पट्ट्याने आवळून ठेवता येते. प्रवासात ती मोकळी ठेवणे धोक्याचे आहे, कारण करकचून ब्रेक लागला की अशी वस्तू थेट पुढच्यांच्या अंगावर येते.

गावाकडे कोणाला माळ्यासाठी अशी शिडी करायची असल्यास, 240 सेंटीमीटर उंचीला पाय 60 सेंटीमीटर पुढे घ्यावेत आणि दांडे माझ्यापेक्षा जाड वापरावेत. मामांच्या मते ती लोखंडी पाइपचीच करावी, आणि घरातल्या घरात वजनाची अडचण नसल्याने त्यांचे म्हणणे मला पटते.