आमची वाटचाल : निळा डाग म्हणजे पाणी नव्हे

नमस्कार मंडळी, बरेच जण विचारतात थर्मल म्हणजे तापमान दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने इमारती तपासायचा हा धंदा तुम्हाला सुचला कसा. मी तळोजा एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, तिथे विजेच्या पॅनेलचं थर्मल स्कॅनिंग करायला बाहेरून एक माणूस यायचा, अर्ध्या दिवसात कुठला जॉइंट तापतोय ते सांगून जायचा, आणि मला दरवेळी वाटायचं की आपल्या डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या मीटर रूम कोण बघतं? कोणीच नाही. २०१७ ला नोकरी सोडली, सेकंडहँड कॅमेरा घेतला, १६० बाय १२० पिक्सेलचा, आणि सुरुवात केली. रिपोर्ट बायको टाइप करायची, अजूनही तीच करते.

मीटर रूमचं काम तसं सरळ. जॉइंट ढिला झाला की तिथला रेझिस्टन्स वाढतो, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट, म्हणून आम्ही दुपारी जातच नाही, मे महिन्यात रात्री दहाला जातो, घरोघरी एसी चालू असतात तेव्हा. विजेच्या तिन्ही फेजवर (आर, वाय आणि बी) लोड सारखा असून एकच लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा जोड, बाकीच्यांपेक्षा १५ डिग्रीच्या वर तापत असेल तर ते काम पुढे ढकलायचं नसतं. एका ठिकाणी आर आणि वाय पन्नासच्या आसपास आणि बी फेज ९४! ॲल्युमिनियमची केबल साध्या लगने तांब्याच्या बसबारला, म्हणजे वीज पुढे वाटणाऱ्या पट्टीला जोडलेली, आणि शेजारी कोणाच्या तरी जुन्या गाद्या आणि रद्दी. सेक्रेटरी काकांनी स्क्रीन बघितली आणि त्याच रात्री शटडाऊन घ्यायला लावलं, त्यांचं मला आजही कौतुक वाटतं. चकचकीत बसबार मात्र फसवतो, स्वतःची उष्णता दाखवायच्या ऐवजी समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो, म्हणून शटडाऊनमध्ये त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावून ठेवायची आणि नंतर लोडवर टेपचं तापमान वाचायचं.

मग लोक विचारायला लागले, यात लीकेज दिसतं का हो? मी हो म्हणालो. ते अर्धवट उत्तर होतं.

कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही आणि भिंतीच्या आतलंही काही दिसत नाही, त्याला फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं. ओल असली की पाणी उडून जाताना ती जागा थंड होते, स्क्रीनवर निळी दिसते, पण निळं दिसायला दुसरी कारणंही असतात आणि ते मी शिकलो एका आजींच्या घरी. खालच्यांच्या बेडरूमच्या छताला कोपऱ्यात ठळक निळा डाग होता, मी छातीठोकपणे सांगितलं वरचं बाथरूम गळतंय, न्हाणी ट्रॅपपाशीच, म्हणजे सांडपाणी जातं तिथेच. आजींनी टाइल्स फोडू दिल्या. टाइल्सखाली सगळं कोरडं ठणठणीत. खालच्यांचा स्प्लिट एसी आम्ही पोचायच्या जरा आधीच बंद केला होता आणि त्याची हवा बरोबर त्याच कोपऱ्यावर जात होती. आजी काही बोलल्या नाहीत, चहा घेणार का एवढंच विचारलं. टाइल्स मी माझ्या खर्चाने बसवून दिल्या, पण त्यांना पंधरा दिवस शेजारी आंघोळीला जावं लागलं, ते कशाने भरून देणार?

तेव्हापासून ओल मोजणारा मॉइश्चर मीटर टोचून बघितल्याशिवाय आमच्या रिपोर्टमध्ये लीकेज हा शब्द येत नाही. बायकोचा नियम आहे तो, मीटरचं रीडिंग नसेल तर ती टाइपच करत नाही. आणि हे का महत्त्वाचं, तर सोसायटीच्या उपविधीप्रमाणे वरच्या घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती त्या मेंबरने स्वखर्चाने दुरुस्त करायची आणि पावसाची, गच्चीची किंवा बाहेरच्या कॉमन पाइपची सोसायटीने, म्हणजे आमच्या एका फोटोवरून कोणाचा खिसा रिकामा होणार ते ठरतं, वरच्या-खालच्यांचं बोलणं बंद होतं ते वेगळंच.

काही गोष्टी कॅमेऱ्यात खरंच सुंदर दिसतात. गिझरची कन्सील्ड लाइन फुटली असेल तर गरम पाणी सोडून थोडं थांबायचं, भिंतीत आधी पाइपची रेघ उमटते आणि गळतं तिथे शाई सांडल्यासारखा उबदार डाग पसरत जातो, मग फक्त तेवढीच जागा फोडायची. गच्चीवरच्या ओलीचं मात्र उलटं असतं, ती थंड नाही, गरम दिसते. दिवसभर ऊन खाऊन सूर्य मावळल्यावर कोरडा भाग लवकर निवतो आणि कोब्यात, म्हणजे गच्चीवरच्या थरात, पाणी मुरलेला भाग बराच वेळ गरम राहतो, तेव्हा ऊन चांगलं असलेल्या दिवशी संध्याकाळनंतर चढायचं.

जुलैत सगळ्यात जास्त फोन येतात आणि मला नाही म्हणायला वाईट वाटतं. हवा इतकी दमट असते की ओल उडतच नाही, सगळी भिंत एकाच रंगाची दिसते. सतत पाऊस असेल तर दोन-तीन दिवसांची उघडीप मिळेपर्यंत आम्ही तारीख देत नाही, त्यावरून काहीजण चिडतात, चालेल.

मागच्या दिवाळीत ३२० बाय २४० चा नवा कॅमेरा घेतला, आता आम्ही चौघं आहोत. गच्चीचं काम असेल तर मार्च-एप्रिलमध्येच बोलवा, म्हणजे दुरुस्तीला पावसाआधी वेळ मिळतो. आणि घरातलं स्कॅनिंग असेल तर आम्ही यायच्या दोन तास आधी एसी बंद ठेवा, प्लीज.