कापड तिरक्यात जातं तेव्हा

सुती कापडाचा तुकडा काठाला समांतर ओढून पाहा, हलत नाही. पन्ह्यातून आडवा ओढा, किंचित हलतो. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. तोच ताठर तुकडा मुकाट्यानं लांबतो. धागे मात्र लांबलेले नसतात, ते एकमेकांवर झुकतात. ताण्याबाण्याची चौकोनी घरं चेपून शंकरपाळ्यांसारखी होतात. या तिरक्या दिशेला शिवणकामात उरेब म्हणतात. झबल्याचा गळा, ब्लाउजची पाइपिंग, बिनबाह्यांचा मुंढा, जिथे म्हणून वळण आहे तिथे उरेब पट्टीच हवी. सरळ धाग्यातली पट्टी वळणावर चुण्या पाडते. गोधडीच्या सरळ कडेला मात्र सरळ पट्टी पुरते; उगाच उरेबात कापड घालवू नये.

कापड आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टी आटते, गळा गोळा होतो आणि दोष शिलाईला जातो. मग एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कापा, म्हणजे कड सरळ होईल. ही सरळ कड उचलून काठावर नेमकी बसवली की जी त्रिकोणी घडी पडते, अगदी ओटीच्या खणासारखी, तिची दुमड म्हणजे ४५ अंशांचा उरेब. दुमड बोटानं ओढू नका, इस्त्री नुसती टेकवा. पुढे सगळ्या रेघा तिला समांतर आखायच्या.

इथे हमखास चूक होते. सव्वा इंचाची पट्टी हवी म्हणून काठावर सव्वा-सव्वा इंचावर खुणा केल्या जातात, आणि हातात येते जेमतेम पाऊण इंचाहून थोडी जास्त. रुंदी तिरक्या रेघेला काटकोनातच मोजायची.

रुंदी किती? गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेली ही पट्टी, दोन सूत, म्हणजे पाव इंच दिसायला हवा असेल तर एकेरी पट्टीला त्याच्या चौपट, एक इंच. दुहेरी घडीच्या पट्टीला सहापट, दीड इंच. दोन्हींत एक सूत जास्तच धरावं, कारण लावताना पट्टी लांबते आणि लांबली की अरुंद होते.

१२ इंची चौकोनातून कर्णावर सुमारे १७ इंच लांब पट्टी निघते. तान्ह्या बाळाच्या गळ्याला जोड लागत नाही. इतरत्र लागतो. दोन टोकं सुलटीवर सुलट, काटकोनात ठेवा. टोकाला टोक जुळवायचा मोह आवरा. दोन्ही बाजूंनी मायेएवढे, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडाएवढे, छोटे कान बाहेर डोकावले पाहिजेत. ते डोकावले नाहीत तर पट्टी उघडल्यावर जोडापाशी पायरी दिसते. टीप सरळ धाग्यावर पडते म्हणून जोड लांबत नाही, आणि तिरका असल्यानं जाडी एका जागी साठत नाही. माया उघडून दाबा, कान कातरा.

लांबलचक पट्टी हवी असेल तर एकेक तुकडा जोडण्यात संध्याकाळ घालवू नये. १८ इंची चौकोन कर्णावर कापा, त्याच्या दोन समोरासमोरच्या सरळ कडा सुलटीवर सुलट जोडा, म्हणजे तिरका चौकोन होईल. तिरक्या कडांना समांतर दीड-दीड इंचावर रेघा आखा. उरलेल्या दोन सरळ कडा जोडून नळी करा, पण एक रेघ सरकवून. न सरकवता जोडलं तर हाती पट्टी नाही, नुसती कडी येते. आता कातर रेघेवरून गोल गोल फिरते आणि जवळजवळ सहा वार अखंड पट्टी सुटते. मायेत जातं म्हणून साडेपाच धरा. चुडीदारासाठी शिंपी तिरकी थैली शिवतात, तिचीच ही धाकटी बहीण.

लावताना सगळी कसोटी हाताची. गळ्याच्या आतल्या वळणावर पट्टी नावापुरती ताणून धरा. फार ताणली तर गळा गोळा होतो, सैल सोडली तर कड अंगापासून उभी राहते. लाळेऱ्याच्या बाहेरच्या गोलाईवर उलट, पट्टी जरा सैल सारायची. दुसऱ्या बाजूची घडी बसवताना गोटाला दोरीसारखा पीळ पडतो, कारण मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलत नेतो. आधी कच्चा दोरा घाला, किंवा सरळ हातानं हेम करा. वेळ जास्त लागतो, पण उसवण्याइतका नाही.

तयार पट्टी पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा. खुंटीला टांगली तर स्वतःच्या वजनानंही लांबते. आणि कडेचे उरलेले त्रिकोण गोधडीसाठी ठेवणार असाल तर लक्षात असू द्या, त्यांची लांब बाजू उरेबातलीच असते. ती दुसऱ्या तुकड्याच्या सरळ कडेला जोडा. उरेबाला उरेब जोडला की गोधडीत झोळ आलाच.