तुम्ही विचारलंत म्हणून: त्या हाताने वजन उचलता?

"ऑपरेशन झालेल्या हाताने डंबेल उचलता? हात सुजला तर?" असं विचारणाऱ्या बऱ्याच जणी स्वतः स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या असतात. त्यांची भीती मला माहीत आहे, कारण दोन वर्षं मीही तीच भीती बाळगून होते.

माझ्या डाव्या काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या होत्या; त्या नसल्या की हातातलं पाणी नीट वाहून जात नाही आणि हात सुजू शकतो. घरी जाताना सांगितलं गेलं, या हाताचं बीपी घेऊ द्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, जड काही उचलायचं नाही. मी ते इतकं मनावर घेतलं की पिशवी, बादली, दाराची कडीसुद्धा उजव्या हाताकडे गेली. खांदा आखडला. पाठीमागचा हूक लावायला लेकीला हाक मारावी लागायची, आणि ती आली की मला उगाच तिचाच राग यायचा.

दरम्यान वजन सात किलोंनी वाढलं. केमोने माणूस वाळतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सोबतीला स्टेरॉइड होतं, थकवा असा की उठून खिडकीपर्यंत जाणंही नको वाटे. दंड आणि मांड्या बारीक झाल्या, पोट सुटलं. स्नायू गेले, चरबी आली, आणि काटा बिचारा दोन्हींची एकच बेरीज दाखवत राहिला. त्यामुळे काट्यावर माझा आता फारसा विश्वास नाही.

शेवटी फिजिओथेरपिस्टनी मला 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. हात आधीच सुजलेल्या 141 बायका. त्यांच्यातल्या निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. हातावर सूज आवरणारी घट्ट बाही, सुरुवातीला शिकवणारं माणूस समोर, वजन अगदी हळूहळू वाढवत. त्यांची सूज न उचलणाऱ्यांपेक्षा वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. हे ऐकून मला आनंदाआधी संताप आला. दोन वर्षं!

सुरुवात अर्ध्या किलोने झाली. कोपराच्या वर दहा सेंटीमीटरवर पेनाने खूण करून दोन्ही हातांना टेप लावायची, आकडा वहीत लिहायचा. एकदा तापामुळे तीन आठवडे खंड पडला आणि मी सरळ जुन्याच वजनावर गेले. संध्याकाळी अंगठी घट्ट झाली. खंड पडला की एक पायरी खाली उतरायचं, हे तेव्हा कळलं. सूज, जडपणा जाणवला तर थांबायचं आणि दाखवायचं.

लेट्रोझोल ही कॅन्सरवरची गोळी सुरू असल्याने मला हाडांचीही काळजी आहे. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं. ही गोळी ते बनू देत नाही. कॅन्सर आवरायला ते चांगलंच, पण हाडं विरळ होतात आणि सकाळी सांधे असे धरतात की ब्रशही नीट पकडता येत नाही. वजनं आणि चालणं सुरू केल्यापासून ते आखडणं कमी झालंय. पूर्ण गेलं म्हणणार नाही. शिवाय मला दिलेलं लाल रंगाचं केमोचं औषध हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालते. कधी त्यातली साठच होतात.

"मग कॅन्सर परत येणार नाही ना?" हे त्या विचारणाऱ्या बायका हळूच विचारतात. नियमित चालणाऱ्या बायका जास्त जगल्याचं निरीक्षणात दिसलंय, पण ज्यांची तब्येत मुळात बरी त्याच जास्त चालतात, हेही आहेच. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये 2025 साली चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीत व्यायामाचा फायदा स्पष्ट दिसला. तोच निष्कर्ष मी आपल्या आजाराला चिकटवणार नाही. मला हमी नको होती, हूक लावता यायला हवा होता.

तो आता लागतो. काल डाव्या हाताने चार किलो झाले. टेपवर दोन हातांतला फरक पूर्वीइतकाच, दीड सेंटीमीटर.