करासा: जळकी सेमिनरी आणि रात्रीचा लांडगा

ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंते शहराहून करासा हे डोंगरातलं ठिकाण साधारण १२० किलोमीटर. बरेच जण सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात. तसं करू नका, इथे रात्र काढाच. राहण्याची सोय जुन्या सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेच्या, आवारातच आहे. स्वागतकक्षातल्या बाईंनी खोलीची 'शावी' पुढे केली आणि मला गोवा आठवला. आपली चावी, आपला पाद्री, दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेले!

हे ठिकाण अठराव्या शतकात ब्रदर लोरेन्सो यांनी वसवलं. १८२० मध्ये ते लाझरिस्ट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांकडे आलं आणि त्यांनी इथे शाळा व सेमिनरी चालवली. ब्राझीलचे दोन राष्ट्राध्यक्ष इथेच शिकले. मे १९६८ मध्ये पुस्तकबांधणीच्या खोलीतून आग पसरली. शाळा संपली, हजारो पुस्तकं गेली. जळालेल्या दगडी भिंती तशाच ठेवून आत संग्रहालय आणि ग्रंथालय केलंय. काळवंडलेल्या खिडक्यांतून आभाळ दिसतं. तिथे मला बोलवेना.

शेजारचं १८८३ मधलं निओ-गॉथिक चर्च आगीतून वाचलं. आतलं ब्राझीलचे चित्रकार अताइदे यांचं येशूच्या 'अखेरच्या भोजना'चं चित्र नीट बघा. तुम्ही कुठेही सरका, येशूचा घात करणाऱ्या ज्यूडासची नजर तुमच्यावरच असते.

जेवणानंतर चर्चच्या ओट्यावर मांसाचं ताट ठेवतात. १९८२ पासूनची ही प्रथा. काळ्या उंच पायांचा, तांबूस केसांचा लोबो-ग्वारा, म्हणजे इथला आयाळवाला लांडगा, जंगलातून येतो. त्याची वेळ त्याची. कधी लवकर, कधी मध्यरात्री. आमच्या रात्री साडेनऊच्या सुमारास तो पायऱ्या चढून आला आणि सगळे श्वास रोखून बसले. हातभर अंतरावरून त्याचं हाडं फोडणं ऐकू येत होतं. हलू नका, बोलू नका.

जून-जुलैत रात्री कडाक्याची थंडी असते, स्वेटर न्याच. ऑक्टोबर ते मार्च पाऊस. थेट बस नाही; सांता बार्बरा गावापर्यंत बसने आणि पुढे टॅक्सी, परतीची टॅक्सीही तेव्हाच ठरवून ठेवा. शनिवार-रविवारसाठी खोली आधीच राखून ठेवा. शाकाहारी असाल तर राजमा-घेवड्याच्या पदार्थांत डुकराचं मांस आहे का ते विचारून घ्या. सकाळी मात्र चुलीवर स्वतःच अंडी तळून घेता येतात, सोबत पाव आणि चीज. नंतर जवळच्या कास्कातिन्या धबधब्याकडे चालत जा. पाणी चहाच्या रंगाचं दिसेल, पण ते घाण नाही. कुजलेल्या पानांचा तो रंग आहे. उतरायच्या दगडांवर शेवाळ असतं, म्हणून पकड असलेले बूटच घाला.